फाट्यावर उभा राहिलेला हात

आधीच सांगते, मी भूत मानत नाही. हे लिहायला घेतलं तेव्हा मानत नव्हते आणि लिहून संपल्यावरही मानणार नाही. तुम्ही इथे लिहिता ते पांढऱ्या साडीचे, मागून हाक मारल्याचे अनुभव मी चहा पिता पिता वाचते आणि हसते. माझा दोष नाही, वळणच तसं आहे. आमचे बाबा इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांचे पुढारी. आमच्या घरात जेवणाच्या पाटाशेजारी पत्रकांचे गठ्ठे असायचे. पगारवाढीचं पत्रक, बोनसचं पत्रक, आणि दर अमावास्येच्या आधी 'भानामती ही फसवणूक आहे' असं ठणकावणारं पत्रक. मी आणि दादा त्यांच्या घड्या घालत मोठे झालो. नावंसुद्धा बाबांनी पत्रकातूनच उचलली. दादा संग्राम आणि मी क्रांती.

तेव्हा जे घडलं ते तसंच्या तसं सांगते. अर्थ तुम्ही लावा. मला तो लागलेला नाही.

दादा इंग्लंडात, बेसिंगस्टोकला एका आयटी कंपनीत होता. मी त्याच्यामागून शिकायला आले आणि लंडनच्या ईलिंग भागात राहिले. आता तिथेच भाडेकरूंच्या संघटनेची पत्रकं लिहिते, म्हणजे धंदा बदललेला नाही. दादाला एकच शौक — बाइक. इथे मराठी मुलांचा एक बाइक ग्रुप आहे, बहुतेक जण पुण्या-मुंबईचे, नागपूरचे. लीडर मिलिंद, वॉटफर्डला राहणारा, दादापेक्षा मोठा, घरदार, ब्रिटिश पासपोर्ट, सगळं जागच्या जागी. मी त्याला मिलिंददादा म्हणायचे.

ग्रुप राइडची एक पद्धत असते, ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. लीडर सगळ्यांत पुढे. वळण आलं की तो आपल्या मागच्या माणसाला खूण करतो, आणि तो माणूस तिथे कडेला थांबून हात लांब करून उभा राहतो — 'इकडे वळा'. सगळा ग्रुप त्याच्यासमोरून जातो. सगळ्यांत शेवटी एक ठरलेला माणूस असतो. तो आला की कोपऱ्यावरचा सुटतो. शेवटचा येईपर्यंत कोपरा सोडायचा नाही. ऊन असो, पाऊस असो. कारण तुम्ही हललात की मागचे चुकले.

दादाने या पद्धतीला मराठी नाव दिलं. लहानपणी आपण विषामृत खेळायचो ना? विष म्हटलं की जागच्या जागी थिजायचं आणि आपल्यातल्या कोणी हात लावून अमृत म्हटलं की सुटायचं. तसंच. कोपऱ्यावर उभा तो 'विष', शेवटून येणारा तो 'अमृत'. शेवटच्याने जवळ येऊन खांद्यावर थाप मारायची आणि मोठ्याने 'अमृत!' म्हणायचं. त्याशिवाय हलायचं नाही. चाळिशीचे बाप्ये हेल्मेट घालून वेल्सच्या डोंगरात 'अमृत, अमृत' ओरडत असायचे. मेंढ्या दचकून बघायच्या.

मेक्सिकोची कल्पनाही दादाचीच. सॅन डिएगोत भाड्याने बाइक घ्यायच्या, टेकाटे नावाच्या छोट्या गावाशी बॉर्डर ओलांडायची, एन्सेनाडाला पहिला मुक्काम, तिथून वाळवंट आडवं कापून पलीकडच्या समुद्राला. त्याच्या खोलीत भिंतीवर त्या भागाचा मोठा नकाशा होता. "क्रांते, तिथे मोबाइलला रेंज नाही," तो म्हणायचा. "सगळा भरवसा कोपऱ्यावरच्या माणसावर."

त्या सरावासाठीच ते गेल्या वर्षी वेल्सला गेले होते.

रेडर म्हणून एक लहान गाव आहे मध्य वेल्समध्ये. स्पेलिंगवरून उच्चार कळणार नाही. तिथून एक डोंगररस्ता वर जातो आणि वर माळावर एक फाटा फुटतो, तो खाली धरणांकडे उतरतो. मिलिंदने दादाला त्या फाट्यावर उभं केलं आणि पुढचे सगळे खाली धरणाजवळच्या टी-रूममध्ये पोचले. मागचे काही जण रेडरलाच पेट्रोलसाठी अडकले होते. त्यांच्याबरोबर शेवटचा माणूस होता शिरीषकाका. ग्रुपमधले वयाने सगळ्यांत मोठे, बेसिंगस्टोकचेच. पाऊस सुरू झाला, धुकं उतरलं. शिरीषकाकांनी फोन केला तेव्हा मिलिंद म्हणाला, वर कशाला येता, खालून सरळ रस्ता आहे, टी-रूमला या. काकांनी विचारलं, संग्रामचं काय? मिलिंद म्हणाला, सांगितलंय त्याला, येतोय तो.

दादा उभाच होता. एक व्हॅन धुक्यातून आली. तिच्या ड्रायव्हरने नंतर सांगितलं, "तो माणूस हात असा लांब करून उभा होता. मला रस्त्याची पाटी वाटली."

चौकशी झाली. मिलिंदने तिथे सांगितलं की त्याने इंटरकॉमवर — हेल्मेटमधला तो ब्लूटूथचा इंटरकॉम, त्यावर सगळा ग्रुप एकमेकांशी बोलतो — दादाला 'निघ' म्हणून निरोप दिला होता. आणि दादा म्हणाला होता, "पुढे व्हा, व्ह्यू भारी आहे, सेल्फी काढून येतो." म्हणून तो हात लांब.

सेल्फी! माझ्या भावाच्या फोनमध्ये स्वतःचा एक फोटो नव्हता. फोन त्याच्या जॅकेटच्या आतल्या खिशात सापडला, चेन लावलेला. धुक्यात कसला व्ह्यू? आणि मधे अख्खा डोंगर असताना तो इंटरकॉम पोचला कसा? मी हे सगळं विचारलं. मिलिंद शांतपणे म्हणाला, "कधी कधी पोचतो गं डोंगरात. हवेवर असतं." पोलिसांनी लिहून घेतलं. पण दादा तिथे का उभा होता याने कायद्याला काहीच फरक पडत नव्हता. व्हॅन, धुकं, अपघात. फाइल बंद.

फरक पडत होता तो इचलकरंजीत. मी बाबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "फोटो काढायला थांबला होता?" एवढंच. ज्या माणसाने आयुष्यभर गेटसभेत सांगितलं की आपली जागा सोडू नका, त्याच्या मुलाची जागा अशी लिहिली गेली. त्यानंतर बाबांनी पत्रक लिहिणंच बंद केलं. आई सांगायची, चौकातसुद्धा जात नाहीत.

त्या दिवसापासून मी मिलिंदला दादा म्हणणं सोडलं. आणि बाइक शिकले. लोकांना वाटलं, भावाच्या आठवणीसाठी. नाही. मी सूड घ्यायला बाइक शिकले. टेस्ट पास झाले आणि ग्रुपमध्ये जाऊन बसले. काय करणार होते माहीत नाही... पण खोटं बोललेल्या माणसाच्या जवळ राहायचं, एवढं ठरवलं होतं. कधीतरी तो घसरेल आणि मी तिथे असेन.

मेक्सिकोची ट्रिप मिलिंदने पुन्हा काढली. 'संग्रामच्या स्मरणार्थ' म्हणे. प्लॅनिंगच्या मीटिंग वॉटफर्डला त्याच्या घरी व्हायच्या, रविवारी सकाळी. डायनिंग टेबलवर नकाशा पसरलेला — दादाचाच, मी दिलेला — आणि त्याच्या बायकोचं, अश्विनीवहिनींचं थालीपीठ.

"बे, मेक्सिकोत टाको काय खायचा," तुषार म्हणायचा. हा नागपूरचा, ग्रुपमधला सगळ्यांत वाचाळ. "वहिनींचं थालीपीठच घडी घालून देऊ त्यांना. आमचा माणूस, आमचा टाको!"

"तू आधी बॉर्डर पार कर," शिरीषकाका म्हणायचे. "तुझं तोंड बघून परत पाठवतील."

बॉर्डरवरून माझं आणि मिलिंदचं जुंपलं. दक्षिणेला जाताना तिथे सहसा कोणी थांबवत नाही. सरळ निघून जाता येतं. शिक्का हवा असेल तर आपणच कडेला थांबून ऑफिस शोधायचं, रांग लावायची. मिलिंद म्हणाला, "कशाला अर्धा दिवस घालवायचा? सरळ जायचं."

"आणि परत येताना विचारलं तर?" मी म्हटलं. "तुझा पासपोर्ट ब्रिटिश आहे. आम्ही सगळे इथे व्हिसावर आहोत. तुला जाऊ देतील, आम्ही बॉर्डरवर उभे."

"अगं क्रांती, प्रत्येक गोष्टीचं पत्रक काढायचं नसतं."

"लीडरला मागे कोण उभं आहे ते बघायची सवय नसली की काढावं लागतं."

वहिनी ताटं उचलायला लागल्या. मिलिंदने हसून विषय बदलला. हसणं त्याला फार चांगलं जमायचं.

मग तो वळणांचा सराव घ्यायचा, नकाशावरच. कॅरमच्या सोंगट्या घेऊन. प्रत्येकाची एक काळी सोंगटी, लीडरची लाल राणी. राणी पुढे सरकणार, फाट्यावर एक सोंगटी थांबणार, बाकीच्या पुढे जाणार, शेवटची आली की थांबलेली सुटणार. तुषार प्रत्येक वेळी 'अमृत!' ओरडायचा. आणि सराव सुरू करण्याआधी मिलिंदचं एक वाक्य ठरलेलं. नव्या मुलांकडे बघून म्हणायचा, "शिस्त महत्त्वाची. आपला संग्राम केवळ एका सेल्फीपायी गेला. तसं करू नका."

मी समोर बसलेली असायचे. माझ्याच भावाच्या नकाशावर.

अशाच एका सरावाच्या शेवटी सगळ्या सोंगट्या एन्सेनाडाला पोचल्या आणि एक काळी सोंगटी मागे, टेकाटेच्या पुढच्या फाट्यावर तशीच राहिली.

"हा कोण राहिला?" मिलिंद म्हणाला.

प्रत्येकाने आपली सोंगटी बोटाने दाखवली. सगळे पोचले होते.

"जास्तीची घेतली असशील," काका म्हणाले.

"मीच मोजून घेतल्या ना." त्याने ती उचलून डब्यात टाकली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. या वेळी त्याने डबा आधी वहिनींकडे देऊन टाकला होता. तरी राणी पुढे, सगळे पुढे, आणि फाट्यावर एक काळी सोंगटी. तुषार म्हणाला, "मिल्या, तुझा हात चालाख आहे बे, जादूगार हो." मिलिंद हसला नाही. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मी स्वतःशी म्हटलं, मोजण्यात चूक झाली असेल. पण ज्याला घाम फुटायचा त्यालाच फुटला.

अमेरिकेला निघण्याआधी एक खरा सराव हवा म्हणून मे महिन्यात पुन्हा वेल्स ठरलं. मिलिंदने मार्ग आखताना तो डोंगररस्ता टाळला. दक्षिणेकडून रेडरला यायचं, गावाच्या मधोमध घड्याळाचा मनोरा आहे, तिथून सरळ मोठ्या रस्त्याने उत्तरेला निघून जायचं. डावीकडे वळलं की डोंगर. ते आपल्याला नको. तो म्हणाला, मी या वेळी मधे राहीन, सगळ्यांचं नीट बघेन. तुषार लीडर. शेवटून येणारा 'अमृत' कोण, विचारल्यावर मी हात वर केला.

दिवस स्वच्छ होता. हे मुद्दाम सांगते. धुकं नव्हतं, पाऊस नव्हता, भरदुपार, लांबवर मेंढ्यांचे पांढरे ठिपके दिसत होते. मनोऱ्यापाशी तुषारने शिरीषकाकांना उभं केलं. मी शेवटची पोचले तेव्हा काका रस्त्याच्या कडेला हात सरळ उत्तरेकडे करून उभे, पण मान डावीकडे वळलेली. मी खांद्यावर थाप मारून 'अमृत' म्हटलं तरी हलले नाहीत.

"क्रांती, मिलिंद डावीकडे गेला."

"तुम्ही हात कुठे केला होतात?"

"असाच, सरळ! माझ्यासमोरून गेला. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही, माझ्या शेजारी बघितलं. शेजारी कोणी नव्हतं गं. त्या मोकळ्या जागेला मान हलवून 'ओके' केलं आणि वळला."

तेवढ्यात कानात मिलिंदचा आवाज आला. इंटरकॉमवर.

"ऑरेंज बिब कोणी घातलंय? बिब तर सगळ्यांना पिवळी दिलीत."

बिब म्हणजे लांबून दिसावं म्हणून जॅकेटवरून घालायचं ते बिनबाह्यांचं चमकतं जाकीट. आमच्या ग्रुपमध्ये नारिंगी बिब एकाचंच होतं. दादाचं. ते माझ्या कपाटात आहे, पोलिसांनी परत दिलेल्या पिशवीत. ती पिशवी मी कधी उघडलेली नाही.

तुषार पुढून म्हणाला, "कोणाशी बोलतो बे? कुठे आहेस?"

मिलिंदने त्याला उत्तर दिलं नाही. तो दुसऱ्याच कोणाला तरी उत्तर देत होता. "हो, येतोय... येतोय... अरे, तूच सांग ना कुठे वळायचं." मधे गॅप. आम्हाला फक्त त्याचीच बाजू ऐकू येत होती.

शेवटच्या माणसाचं काम असतं चुकलेल्याला आणायचं. मी काकांना पुढच्यांना थांबवायला पाठवलं आणि डावीकडे वळले. डोंगर सुरू झाला, वळणावर वळणं. मिलिंद माझ्या बराच पुढे होता, बाकीचे सगळे डोंगराच्या पलीकडे मोठ्या रस्त्यावर. आमच्या इंटरकॉमचा आवाज एक टेकडी मधे आली तरी तुटतो. आणि त्या दिवशी त्याचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. मलाच नाही — पलीकडे थांबलेल्या तुषारला, काकांना, नव्या मुलांना, सगळ्यांना. जणू आम्ही त्याच्या डायनिंग टेबलभोवती बसलोय. डोंगरात कधी कधी पोचतो, असं चौकशीत सांगितलं होतं ना त्याने? पोचला.

फाट्यावर तो उभा होता.

बाइक स्टँडवर, व्यवस्थित लावलेली. तो कडेला, गवताच्या पट्टीवर, हेल्मेट डोक्यावर, आणि एक हात धरणाच्या रस्त्याकडे लांब केलेला. मी थांबले. इंजिन बंद केलं. वारा होता, दुसरा आवाज नव्हता.

"हात खाली घे," मी म्हटलं.

"येत नाही."

"म्हणजे?"

"हलता येत नाहीये, क्रांती. पायपण. तो म्हणाला, विष." त्याचा आवाज माझ्या समोरूनही येत होता आणि कानातूनही. "इथे उभा राहा म्हणाला आणि... अगं, हात लावून बघ."

मी जवळ गेले. दंड धरून खाली ओढला. माणसाचा हात दाबला की थोडा तरी लवतो, थरथरतो. हा हात खांबाला जोडल्यासारखा होता. मी दोन्ही हातांनी लटकले. जरासुद्धा हलला नाही. हेल्मेटच्या काचेआड मिलिंदचे डोळे माझ्याकडे नव्हते, माझ्या मागे कुठेतरी बघत होते. मी वळून बघितलं. माळ, गवत, रस्ता.

तुम्ही विचाराल, भीती वाटली का? नाही. मी पत्रकांवर वाढलेली बाई, मला भीती वाटायला हवी होती ती माझ्या तर्काचं काय झालं याची. तीसुद्धा वाटली नाही. मला आनंद झाला. घशापर्यंत भरून आला असा आनंद. एक वर्ष मी त्याच्या घरचं थालीपीठ खात याच क्षणाची वाट बघत होते आणि तो कोणीतरी माझ्यासमोर आणून उभा केला होता.

"अमृत दे ना गं," तो म्हणाला. "तू शेवटची आहेस. तुझं काम आहे ते."

"देते. आधी सांग."

"काय?"

"त्याला निरोप कोणी दिला होता?"

एक मोटार आली, हळू झाली, आतल्या बाईने आमच्याकडे विचित्र नजरेने बघितलं आणि निघून गेली. मिलिंदचं अंग त्या मोटारीच्या आवाजाबरोबर आक्रसलं. पण जागचं हलता येईना.

"क्रांती, दुसरी गाडी येईल, वळणावर दिसणार नाही मी... प्लीज."

"त्यालाही येत असतील ना गाड्यांचे आवाज. धुक्यात. सांग."

मग तो बोलला. "मी विसरलो. बस्स, विसरलो. पाऊस लागला, टी-रूममध्ये शिरलो, स्कोन मागवले. शिरीषचा फोन आला तेव्हा आठवला. वाटलं, दमला की येईल आपोआप. कोण पुन्हा भिजत वर जाणार. म्हणून शिरीषला सांगितलं, निरोप दिलाय. इंटरकॉमवर मी त्याच्याशी काही बोललो नाही. सेल्फी वगैरे काही नाही. तो त्याच्या जागेवर होता."

"पुन्हा म्हण."

"संग्राम त्याच्या जागेवर होता."

कानात तुषारचा आवाज, त्यात नागपूरची सगळी मस्करी विझलेली. "मिल्या... आम्ही त्या पोराला वर्षभर सेल्फी म्हणून हसलो बे." मग शिरीषकाका. ते रडत होते. "मला म्हणालास निरोप दिलाय. मी विचारलं होतं तुला. मिलिंद, मी विचारलं होतं."

"झालं," मिलिंद म्हणाला. "सांगितलं ना. आता म्हण."

मी हातमोजा काढला. फाट्याच्या कडेला एक दगड आहे, ज्याच्याजवळ दादाची बाइक सापडली होती. त्या दगडापासून थोड्या अंतरावर, माणसाचा खांदा येईल तेवढ्या उंचीवर, मी मोकळ्या हवेत हात ठेवला. आणि मोठ्याने म्हटलं, "अमृत!"

मिलिंदकडे बघून नाही. त्याच्याकडे पाठ करून.

लगेच इंटरकॉमवर तो छोटा बीप वाजला — ग्रुपमधून कोणीतरी बाहेर पडलं की वाजतो तो. मी नंतर एकेकाला विचारलं. कोणीच बाहेर पडलं नव्हतं. बीप सगळ्यांनी ऐकला होता.

मी हातमोजा घातला, बाइकवर बसले आणि निघाले. मागून त्याच्या हाका येत होत्या. "क्रांती! अगं मला! मला म्हण!" पहिल्याच टेकडीआड गेल्यावर इंटरकॉम नेहमीसारखा तुटला.

तुषार आणि काकांनी जाऊन त्याला आणलं. त्यांनी त्याच्या खांद्यावर थापा मारून 'अमृत' म्हटलं, पुन्हा पुन्हा म्हटलं. काही झालं नाही. अँब्युलन्स बोलवावी लागली. तिच्यात त्याला हात पसरलेल्या अवस्थेतच आडवा चढवला. हॉस्पिटलमध्ये इंजेक्शन दिल्यावर हात खाली आला. डॉक्टरांनी मानसिक धक्का, स्नायू आखडणं असं काहीतरी सांगितलं. मला ते पटतं. अपराधी मन माणसाला थिजवू शकतं, हे मी पत्रकातही लिहीन. पण काकांच्या शेजारच्या मोकळ्या जागेत त्याला नारिंगी बिब कुणाचं दिसलं? तो आवाज डोंगर ओलांडून कसा आला? बीप कोणाचा? मी इंटरकॉम दुकानात नेला. माणसाने तपासून सांगितलं, उत्तम चालतोय.

मिलिंदने नंतर जबाब बदलला. पोलिसांसमोर सगळं लिहून दिलं. त्याचं जे व्हायचं ते होईल.

मी बाबांना फोन केला. सगळं सांगितलं, बिब आणि बीपसकट, कारण बाबांशी मी कधी खोटं बोललेले नाही. ते म्हणाले, "भूतबीत काही नसतं, क्रांते." मग पुन्हा म्हणाले, "तो जागेवर होता म्हणतेस?" मी म्हटलं, हो बाबा, शेवटपर्यंत. पुढच्या आठवड्यात आईने फोटो पाठवला. बाबांनी वर्षभराने पत्रक छापलं होतं. नेहमीच्या त्या स्वस्त गुलाबी कागदावर. वर ठळक अक्षरात — 'तो जागेवर होता'. खाली दादाची चार ओळींत हकिगत. त्यात भुताचा शब्द नाही. बाबा चौकात उभे राहून स्वतः वाटत होते.

मेक्सिकोची ट्रिप होणार आहे. आता नकाशा माझ्या टेबलावर असतो. टेकाटेला सगळ्यांनी थांबायचं, सगळ्यांच्या पासपोर्टवर शिक्का घ्यायचा, मगच पुढे, हे ठरलंय. सराव सोंगट्यांनीच करतो. मागे कोणी राहत नाही.

मिलिंद येणार नाही. तो आता बाइकच काय, मोटारसुद्धा चालवत नाही. अश्विनीवहिनींचा परवा मेसेज आला. लिहितात की तो पायी जातानासुद्धा रस्त्याच्या फाट्यावर थांबतो. हात आपोआप वर येतो. मग माणसं बघायला लागतात, हॉर्न वाजतात, आणि तो उभाच राहतो. वहिनी 'अमृत' म्हणून बघतात, त्यांची मुलगीही म्हणून बघते, तुषार दोनदा जाऊन आला. कोणाच्या म्हणण्याने काही होत नाही. परवा घराजवळच्या पेल्हाम क्रिसेंट रस्त्याच्या कोपऱ्यावर त्यांना त्याला हाताला धरून ओढत घरी आणावं लागलं. 'तू एकदा ये गं,' असं त्यांनी लिहिलंय. 'तू शेवटची होतीस, तुझंच राहिलंय असं तो म्हणतो. एक शब्द तर आहे.'

मी तो मेसेज बाबांना वाचून दाखवला. वाटलं होतं, म्हणतील, थोतांड आहे, लक्ष देऊ नको. बाबा म्हणाले, "भूत नाही. पण माणूस उभा आहे ना? जाऊन म्हणून ये. उभं केलेल्या माणसाला सोडायला आपलं माणूस जातं, मग तो कोणीही असो."

बाबांचं बरोबर आहे. आयुष्यभर त्यांचंच बरोबर आलंय. वॉटफर्ड माझ्या घरापासून फार लांब नाही. हेल्मेट दारामागे टांगलेलं आहे आणि टाकी भरलेली आहे.

मी अजून गेलेले नाही.